आवाजाची परवानगी

रविवार, ७ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते. आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे मध्ये फाटे फुटणार नाहीत.

१. सामाजिक प्रभाव अभियांत्रिकी नावाचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. दोन वर्षांचा, परगावी. माणसांच्या रोजच्या अडचणींसाठी यंत्रं बनवायची आणि ती खरंच उपयोगी पडतात का, हे त्या माणसांच्यात राहून तपासायचं. मी अर्ज केला.

२. स्वतः केलेलं एक काम दाखवायचं होतं. बाबांची वाचा गेल्यावर त्यांच्यासाठी बनवलेलं बोलकं खोकं मी दाखवलं.

३. मंगळवारी दुपारी संगणकावर मुलाखत झाली, आपल्या मधल्या खोलीतून. समोर तिघं होते. खोकं चालवून दाखवा म्हणाले. मी बटण दाबलं. तुझा आवाज म्हणाला, "जरा पाणी दे."

४. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आणते गं, बडबडे." आणि पेला घेऊन खरंच आली.

५. तिघांतल्या वयस्क प्राध्यापिकेने विचारलं, आवाज कोणाचा. मी म्हणाले, ओळखीतल्या एकीचा.

६. त्यांना तुझी लेखी परवानगी हवी आहे. सोमवार, २२ डिसेंबरपर्यंत ती पोचली नाही तर अर्ज पुढे जाणार नाही.

एवढ्यावर पत्र संपवणार होते. पण परवानगी मागायची तर कशाची मागते आहे ते पूर्ण सांगायला हवं.

तू गेलीस तेव्हा खोकं जसं होतं तसंच आज आहे. चोवीस बटणं, चोवीस वाक्यं, सगळी तुझी. सुरुवातीला माझ्या आवाजात भरली होती, आठवतं? बाबांनी एकदाच ऐकून मान फिरवली. तू म्हणालीस, "अगं मोजपट्टे, हे पाणी मागणं आहे की उद्या वीज बंद राहील याची सूचना?" अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचं अर्धं तोंड हलत नव्हतं, ते उरलेल्या अर्ध्याने हसले. मग तू कपड्यांच्या कपाटात शिरून दार लावून घेतलंस, कारण आवाज घुमलेला चालणार नाही असं मी बजावलं होतं. "कूस बदलून दे" म्हणताना तुला हसू फुटलं आणि ते वाक्याच्या शेपटाला चिकटून राहिलं. कापणं सोपं होतं. पण त्यानंतर बाबांची कूस गरजेपेक्षा जास्त वेळा बदलावी लागायची, म्हणून नाही कापलं.

शेवटचं बटण त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं. जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलेला माणूस. घरातून कोणीही बाहेर पडलं की ते दाबायचे: "आरशात बघ." तू निघालीस त्या सकाळीही त्यांनी दाबलं. तुला तुझ्याच आवाजात सांगितलं, मागचं बघत जा. तू वळून पाहिलंस का ते मला माहीत नाही. मी तुझी बॅग उचलत होते.

मी शिकत होते तेव्हा त्यांचं सगळं तू केलंस. नोकरी घेऊन जाण्यात तुझं काही चुकलं नाही. हे मी कधी बोलले नाही, इथे लिहून ठेवते. आई म्हणाली होती, "जायचं तर जा. पण पाहुण्यासारखी ये-जा करू नकोस. दर खेपेला त्यांचा जीव नव्याने तुटेल." आणि तू म्हणालीस, "आवाज ठेवून चाललेय ना? मग बाकीची मी कशाला हवी तुम्हाला?" दोघींचं मला पटलं होतं. मी मध्ये पडले नाही, कारण मध्ये उभं राहायला जागा नव्हती.

बाबा गेले तेव्हा तू आलीस आणि संध्याकाळी परत गेलीस. तुम्ही दोघी एक शब्द बोलला नाहीत. त्या दिवशी तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी खोकं माळ्यावर टाकलं होतं.

ते खाली मी काढलेलं नाही.

बॅटरी कधीच मेली असेल असं मी धरलं होतं. मग एक दिवस कामावरून लवकर घरी आले. आई बाबांच्या खुर्चीत बसली होती, खोकं मांडीवर, चार्जरची वायर भिंतीपर्यंत ताणलेली. मी दारातच थांबले. तिने पाण्याचं बटण दाबलं. उठली, पाणी आणलं, स्वतः प्यायली. खिडकीचं दाबलं. उठून खिडकी उघडली. मग "दुखतंय" दाबलं. अगदी हलक्या आवाजात तिने विचारलं, "कुठे गं?"

या प्रश्नाचं उत्तर देणारं बटण त्यात नाही. बाबा हाताने दाखवायचे, त्यामुळे ते लागेल असं मला कधी वाटलंच नाही. मी पुन्हा खाली जाऊन, पाय वाजवत वर आले.

जेवताना मी विषय काढला. "आई, ताईला फोन लावू का?"

"कशाला? बोलते की ती."

"आई, ते खोकं आहे."

"मला कळत नाही वाटतं? डोकं ठिकाणावर आहे माझं. तुझ्यासारखं वायरींनी बांधलेलं नाही, पण आहे." मग भात कालवता कालवता म्हणाली, "फोनवर ती 'बरी आहे' म्हणेल आणि ठेवून देईल. इथे निदान पाणी तरी मागते."

तिला भ्रम झालेला नाही, हे तुला नीट कळावं. हिशेब चोख आहे, माझ्या भाजीतल्या मिठाला नावं ठेवायला विसरत नाही. तिला ठाऊक आहे की तू तिथे नाहीस. तरी दुपारी झोपण्याआधी ती "कूस बदलून दे" दाबते, तुझं हसू ऐकते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. खोलीत कोणी नसतं आणि तू हसतेस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली किल्ली खाली पडली. आता पडत नाही. त्याचं मला जास्त भय वाटतं.

एकदा पाण्याचं वाक्य मी माझ्या आवाजात भरून पाहिलं. चाचणी म्हणून. आईने दाबलं, ऐकलं, आणि मला हाक मारून म्हणाली, "तुला पाणी हवंय तर तोंडाने माग ना, इथेच तर आहेस." मी तुझं वाक्य परत घातलं.

माझ्यापुरतं सांगायचं तर, मी बटणं दाबत नाही. कामाचं टेबल तेवढं मधल्या खोलीत, खोक्याशेजारी आणलं आहे. तिथे इंटरनेट बरं चालतं असं आईला सांगितलं. ते घरभर सारखंच चालतं.

मुलाखतीच्या शेवटी आई पेला ठेवून आत गेल्यावर प्राध्यापिकेने आणखी एक प्रश्न विचारला. "ज्यांचा आवाज आहे त्यांना माहीत आहे का, की त्या अजून तुमच्या घरात बोलतात?" मी म्हणाले, नाही. बाकीच्या उत्तरांची मी तयारी केली होती. हे एकच आपोआप आलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कळवलं की आवाज माझ्या बहिणीचा आहे.

आता तुला माहीत आहे.

हो म्हणालीस तर अभ्यासक्रमातल्या चाचणीसाठी तुझी वाक्यं आधी एका पुनर्वसन केंद्रात जातील. वाचा गेलेली अनोळखी माणसं तुझ्या आवाजात पाणी मागतील आणि तुला कधीही न पाहिलेली माणसं उठून ते देतील. नाही म्हणालीस तर सगळ्या प्रती पुसेन. घरच्या खोक्यातलीही. ही धमकी नाही. केंद्रासाठी नको आणि आईसाठी चालेल, असं तुझ्या वतीने मी ठरवू शकत नाही. ते वेगळं लिहिलंस तर तसं करेन. माझ्या अर्जाचं मी बघेन. दुसरं काम दाखवून पुढल्या वर्षी पुन्हा करता येतो.

एक गोष्ट मात्र मी चार वेळा लिहून खोडली आहे. प्रवेश मिळाला तर ऑगस्टमध्ये मी जाणार. मग या घरात आई आणि तुझी चोवीस वाक्यं. तिने काही विचारलं तर उत्तर नाही, ती पडली तर "जरा पाणी दे". मी बनवलेल्या वस्तूच्या हाती आईला सोपवून, माणसांच्या उपयोगी पडायचं शिकायला जायचं, हे मला जमणार नाही. तू घरी परत ये असं मी म्हणत नाही. तो अधिकार मला नाही. पण मी गेल्यावर तिच्याशी कोण बोलणार, हे मला कळल्याशिवाय मी निघू शकत नाही.

परवानगीचा कागद सोबत आहे. हो असो वा नाही, सही करून शुक्रवार, १९ डिसेंबरपर्यंत पाठव. आणि त्याच्या आत एकदा दुपारी, मी कामावर असताना, घरी फोन कर. आई उचलेल. तुझा आवाज ऐकून पहिल्या क्षणी तिला वाटेल की खोकंच बोलतंय. तेव्हा त्या चोवीसात नसलेलं काहीतरी बोल. काहीही चालेल.

उत्तराची वाट पाहते. १९ पर्यंत.

तुझीच
(रीत म्हणून लिहिलेलं नाही)
धाकटी