वाजवलेलं दार

पिंचर्स आर्म, न्यूफाउंडलंड
४ मार्च २०१९

मिली,

तू बरी असशील असं धरून चालते. मी बरी आहे. दात तीन उरलेत, तेवढे पुरतात.

तीस वर्षांनी हिचं अक्षर कुठून उगवलं, म्हणशील. माझा नवरा क्लॅर गेला तेव्हा तू कार्ड पाठवलं होतंस, त्यावरचा पत्ता घेतला. कार्ड जपून ठेवलं नव्हतं, ड्रॉवरमध्ये पडलं होतं. तिसरीतून शाळा सोडली ती सोडलीच, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

गावची खबर अशी. खेकड्यांचा कारखाना एप्रिलच्या शेवटाला उघडतोय. मी आता जात नाही, गुडघे उभं राहू देत नाहीत. चर्चमध्ये पंधरा दिवसांनी पाद्री येतो, तोही रस्त्यावर बर्फ नसेल तर. दुकानवाली हिस्कॉक बाई नाताळाआधी गेली. तू तिला मरेपर्यंत माफ केलं नाहीस, ठाऊक आहे मला. मातीला मी गेले होते. सँडविचेस मीच केली.

आता कामाचं.

माझी रोंडा. तू गेलीस तेव्हा पाच वर्षांची होती, नाक पुसून घ्यायची नाही आणि तुझ्या मांडीवरून उतरायची नाही. आता छत्तिशीची आहे. दोन पोरं, कीगन पाचाचा आणि मॅडी तिनाची. नवरा डॅरिल तुमच्याच अल्बर्टात तेलाच्या कामावर, तीन आठवडे तिकडे आणि एक इकडे. घर माझ्या समोरच, रस्ता ओलांडला की.

तिला तुझं दुखणं लागलंय.

मॅडी झाली त्यानंतर सुरू झालं. आधी बोटं, मग मनगटं, मग पावलं. सकाळी मला म्हणायची, "आई, मुठी उघडत नाहीत गं." मी म्हटलं, "बारा-बारा तास खेकडे फोड, मग सांग कुणाच्या उघडत नाहीत ते." कारखान्यात आम्हा सगळ्यांचेच हात दुखायचे, मिली. बादलीत कोमट पाणी घ्यायचं, हात बुडवायचे, कामाला लागायचं. मला काय ठाऊक होतं दुखण्यादुखण्यात फरक असतो ते. तुझ्या वेळीही नव्हतं ठाऊक.

मग डॉक्टर म्हणाला, हा म्हातारपणाचा संधिवात नव्हे, आमवात आहे. अंग स्वतःचेच सांधे शत्रू समजून खातं. शुक्रवारी गोळ्या घ्यायच्या आणि शनिवारभर ओकायचं, असं औषध. पोरीच्या झग्याची बटणं तिला लावता येत नाहीत. पोरगी "उचल, उचल" करत हात वर करते, ही दोन्ही हात पाठीमागे लपवते. ते बघवत नाही म्हणून मी खिडकीशी जाते.

चोवीस जानेवारीला अपघात झाला. ती दोरीवरचे कपडे काढायला बाजूच्या ओट्यावर गेली, मागून वाऱ्यानं दार लागलं. कुलूप नव्हतं. नुसती ती गोल पितळी मूठ, क्लॅरनं बसवलेली. ती फिरवायची, एवढंच. हिला फिरवता आली नाही. पायात मोजे. पायऱ्यांवर बर्फ, माझ्याकडे यायला उतरली ती आपटली आणि गुडघ्यांवर रांगत परत वर गेली. मागचं दार बर्फानं बुजलेलं. ओरडली, तर वारा असा की आवाज सगळा समुद्रावर. मग कोपरानं दार वाजवत राहिली.

आणि आपल्याकडे दार कोण वाजवतं? सांग ना. मूठ फिरवायची आणि आत यायचं, कुणाच्याही घरात. वाजवणार तो सरकारी माणूस, नाहीतर देवाची पुस्तकं विकणारा. आपण पोरांना बोलायला लागल्यापासून शिकवतो, दार वाजलं की गप्प राहायचं. कीगन गुणी पोर, शिकवलेलं करतो. तो टेबलाखाली जाऊन बसला. मला म्हणाला, "नॅन, कुणीतरी परकं दार वाजवत होतं, म्हणून मी श्वासपण हळू घेतला."

शेगडीवर सूप होतं. मॅडीनं भांड्याचा दांडा ओढला. डावा हात भाजला, खांद्यापासून बोटांपर्यंत. ती आत किंचाळतेय आणि हिला दाराच्या फळीतून ऐकू येतंय. चाळीस मिनिटं. शेवटी कचऱ्याची गाडी आली, त्या माणसानं मूठ फिरवली आणि दार उघडलं. एका हातानं.

त्या दिवशी वारा फार होता. गावात कुणालाच काही ऐकू आलं नाही.

इस्पितळानं सरकारला कळवलं. आता एक सरकारी बाई येते, तरुण, बूट काढून आत येते, वही काढते. जूनपर्यंत बघणार म्हणाली. पण मिली, ती बाई पोरांना नेईल याची मला तेवढी भीती नाही. रोंडानंच तिला सांगितलं, "घेऊन जा त्यांना. माझ्यापाशी राहिली तर मरतील." माझ्यासमोर. चहा ओतत होते मी.

बाईनं तिला फोन नंबर दिले, अशाच दुखण्याच्या आयांचं मंडळ असतं म्हणे. मी म्हटलं, अनोळखी बायकांपुढे रडगाणं गायचं कशाला? ते कागद तिनं शेगडीत टाकले. माझं ऐकून टाकले. एवढं मात्र ऐकलं माझं.

माझं ती खरं धरत नाही आता, आणि का धरावं. मी दुखणं लांबूनच पाहिलंय. तू आतून पाहिलंयस. तुझीही दोन होती, लंगोटातली. तिला फोन कर. माझ्याशी बोलू नकोस. नंबर खाली लिहिलाय.

एफी

*

पिंचर्स आर्म
२२ एप्रिल

मिली,

तुझं पत्र आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. पण फोन आला, तिला. पहिल्या दिवशी मी तिथेच होते, भांडी घासत. रोंडानं फोन टेबलावर ठेवला, उचलून धरता येत नाही म्हणून, त्यामुळे तुझा आवाज मला ऐकू आला. जाडा झालाय. सिगारेट सोडलेली दिसत नाही.

तू हॅलोसुद्धा म्हणाली नाहीस. म्हणालीस, "किती वाजता सुटतात गं तुझे हात?"

रोंडा म्हणाली, "अकरा. कधी साडेअकरा."

"माझे आत्ता दगड आहेत. फोन नाकानं लावलाय."

आणि रोंडा हसली. मी नळ बंद केला.

आता रोज नऊला तुमचं चालतं. तुझ्याकडे साडेपाचच वाजलेले असतात, मी हिशोब करते. काय बोलता तेही ऐकलंय थोडं. पोरांना रात्रीच उद्याचे कपडे घालून झोपवायचं. बटणं काढून चिकटपट्ट्या लावायच्या. चेनीला दोरी बांधायची. पोरीला उचलायचं नाही, तिला खुर्चीवर चढून स्वतः मांडीत यायला शिकवायचं. मॅडी चढते आता, भाजलेला हात सांभाळत, माकडीसारखी. मला छत्तीस वर्षांत यातलं एक सुचलं नाही. मी फक्त "अगं जरा जोर लाव" म्हणत राहिले.

तुझं ते बुधवारचं मंडळही लागलंय तिला. काँप्युटरवर पाच बाया, सगळ्यांची पोरं लहान. एक तर लॅब्राडॉरची आहे, तिला जुळी. रोंडा सांगत होती, कुणी "कशी आहेस" विचारत नाही. "आज काय पडलं हातातून?" असं विचारतात, आणि ज्या बाईच्या हातून सगळ्यात महाग वस्तू पडली तिला टाळ्या. गेल्या बुधवारी रोंडानं त्यांना चोवीस जानेवारीचं सगळं सांगितलं. कुणी च्‌ च्‌ केलं नाही. त्या जुळीवालीनं सांगितलं, "मी मुलाला न्हाऊ घालताना सोडलं होतं. हातांनीच सोडलं, मी नाही." त्यावर कुणी उठून गेलं नाही. रोंडा नीट जेवली त्या दिवशी.

सरकारी बाईला ती आता "घेऊन जा" म्हणत नाही. परवा म्हणाली, "माझी पोरं आहेत. मला दाराच्या मुठी बदलून द्या." बाईनं वहीत लिहून घेतलं.

हे सगळं झालं. आता जे लिहायला बसले ते.

काल तिनं मला विचारलं, "मिली मावशीची मुलं खरंच नेली होती का? कोणी कळवलं होतं?" मी म्हटलं, दुकानवाली हिस्कॉक बाई. तोंडातून आपोआप निघालं, इतकी वर्षं निघतंय तसं.

मी कळवलं, मिली.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात. दुपारी तुझ्याकडे आले, मूठ फिरवून आत, नेहमीसारखी. तू पलंगावर. तुझा रॉय पाळण्यात, सकाळचाच लंगोट, मांड्या सोललेल्या. तू म्हणालीस, "एफी, पिना लागत नाहीत गं मला." मी पिना लावल्या आणि घरी जाऊन सरकारला पत्र लिहिलं. पाच ओळींचं. आळशी बाई आहे असं लिहिलं. नाव घातलं नाही. मला वाटलं, कुणीतरी येऊन तुला दम देईल आणि तू उठशील. ते गाडी घेऊन आले. अकरा महिने पोरं बाहेर होती, आणि परत आली तेव्हा रॉय तुला बाई म्हणाला. तेव्हाही मी तुला तोंडावर म्हणाले, कोरडं तरी राहिलं पोर. तू त्याच आठवड्यात गाव सोडलंस.

हिस्कॉक बाईच्या दुकानात तू थुंकलीस ना, ते तिनं स्वतः पुसलं. मरेपर्यंत मला विचारायची, "एफी, मी केलं काय तिचं?" मी म्हणायचे, जाऊ दे गं. आणि मग तिच्या मातीला हॅमची सँडविचेस.

दुसरं. मागच्या पत्रात खोटं लिहिलं. कुणाला ऐकू आलं नाही असं नाही. मला आलं. रोंडाचा ओटा माझ्या खिडकीतून दिसत नाही, कोपरा आड येतो, पण दार वाजलेलं ऐकू येतं. वाटलं, पुस्तकवाले. तिच्याकडून सुटले की माझ्याकडे येतील. मी पडदा ओढला आणि रेडिओ मोठा केला. नंतर मनात आलं, पुस्तकवाले एवढा वेळ वाजवत नाहीत. तरी बसून राहिले. चहा गरम होता.

त्या वेळच्या पत्राखाली नाव नव्हतं. याच्याखाली घालते.

युफेमिया पार्डी

*

पिंचर्स आर्म
९ जून

मिली,

तुझ्या फोनची वाट बघत होते, शिव्या खायला. तू मला केला नाहीस. तिला मात्र रोज नऊला करत राहिलीस, एक दिवस चुकवला नाहीस. मला वाटलं, आज सांगशील तिला, उद्या सांगशील. महिना गेला. तू शब्द काढला नाहीस. बेमालूम खोटं बोलायची कला माझी, पण गप्प राहण्यात तू वरचढ निघालीस.

मग मीच सांगितलं. मेच्या शेवटच्या मंगळवारी, तिचे हात सुटल्यावर, साडेअकरा वाजता. दोन्ही गोष्टी सांगितल्या, तुझी आणि जानेवारीची. तिनं ऐकून घेतलं. मॅडी तिच्या मांडीवर होती, पोरीच्या हाताला मलम लावत होती रोंडा, बोटांनी नाही, तळव्याच्या कडेनं, तू शिकवलंस तसं. मलम लावून पुरं केलं. मग म्हणाली, "आई, यापुढे येताना दार वाजवून येत जा."

एवढंच. आवाज चढवला नाही.

तुला हे कळायला हवं म्हणून लिहिते: सरकारचे कागद बंद झाले. सरकारी बाई गुरुवारी शेवटची आली, सही केली, मॅडीला स्टिकर दिला. पोरं घरातच राहणार. रोंडानं तुला सांगितलंच असेल, आणि त्या पाचजणींनाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. डॉक्टर म्हणतो तिच्या डाव्या मनगटाचं हाड झिजलंय, ते परत येणार नाही. मॅडीच्या कोपराची कातडी आखडतेय, शरदात शस्त्रक्रिया. तर ही अशी चांगली बातमी.

पितळी मूठ काढली. लांब दांडीचं हँडल लावलंय, कोपरानं दाबलं तरी उघडतं. मीही दाबू शकते. दाबत नाही.

रोज दहाला रस्ता ओलांडते, डब्यात काहीतरी असतं, कधी पाव, कधी खारवलेला मासा. ओट्यावर उभी राहते आणि दार वाजवते. शेजारची ब्लांच खिडकीतून बघते. जन्मात मला कुणी दार वाजवताना पाहिलेलं नाही. वाजवलं की आत पावलं धावतात आणि खुर्ची सरकते. कीगन टेबलाखाली गेला, मला कळतं. मी हाक मारत नाही. मारली तर ओळखेल आणि उघडेल, पण त्याच्या आईनं सांगितलेलं मोडायला त्याला मी शिकवणार नाही.

मग रोंडा उठते. तिच्या पावलांना सकाळी वेळ लागतो, तुला ठाऊक. एक पाऊल, थांबणं, दुसरं. ती येईपर्यंत मी तिथं उभी असते, वारा असतो. कधी चार मिनिटं लागतात, कधी सात. आजवर एकदाही चाळीस लागलेली नाहीत.

तिला फोन करत राहा.

दाराबाहेरून,
एफी