आमची कंपनी लहान नसल्याबाबत

प्रति,
मा. निबंधक,
कंपनी नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक तीनच्या मागची खोली.
(कृपया हा लिफाफा खिडकीवर उघडू नये.)

विषय : आमच्या गाद्यांच्या कंपनीची ‘लहान’ या वर्गातील नोंद तपासून लेखापरीक्षण लावण्याबाबत.

संदर्भ : आपले उत्तर, ‘कंपनी लहान वर्गात मोडत असल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही.’

महोदय,

१. मी सदर कंपनीची निम्म्या हिश्श्याची भागधारक व संचालक आहे. हिस्सा माझ्या यजमानांचा. त्यांच्या पश्चात माझ्याकडे आला. उरलेला निम्मा माझ्या दिरांचा असून सर्व कारभार भाऊजीच पाहतात. कोणावर संशय घेण्याची मला हौस नाही. रोज रात्री दिवा लावताना दिवसभराच्या संशयांबद्दल क्षमा मागते. पण सकाळी खाली कारखान्यात डोकावले की नवा तयार असतो.

२. आपल्या उत्तरावरून मला समजले ते असे. वार्षिक उलाढाल, एकूण मालमत्ता आणि कामगारांची संख्या या तीनपैकी दोन गोष्टी मर्यादेच्या आत असल्या की कंपनी लहान. लहान कंपनीने थोडक्यात हिशेब द्यावा, लेखापरीक्षक नेमला नाही तरी चालते. त्याहून खालच्या, अतिलहान वर्गात गेली की एका पानाचा ताळेबंद पुरतो. समजण्यात चूक असल्यास सांभाळून घ्यावे.

३. आमची उलाढाल मर्यादेच्या वर गेली आहे, हे भाऊजीही नाकारत नाहीत. म्हणून उरलेल्या दोन्ही गोष्टी आत बसवाव्या लागतात. त्यासाठी वर्षअखेरीस कारखान्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहते. भिंतीच्या अलीकडे आमची कंपनी. पलीकडे दुसरी, जी माझ्या जाऊबाईंच्या नावे आहे. खोळ आमच्या कंपनीत शिवली जाते आणि त्याच खोळीत भरण दुसऱ्या कंपनीत घातले जाते. पंखे आमचे आहेत, त्यांची बटणे पलीकडे आहेत. मुकादम दोन्हींना एकच. त्याची खुर्ची दारात असते, दोन पाय अलीकडे, दोन पलीकडे. मी विचारले, “तुम्ही नक्की कोणत्या कंपनीत?” तो म्हणाला, “वहिनीसाहेब, जेवणापर्यंत तुमच्यात. पुढचं मालक सांगतील तसं.”

हिशेब दाखल झाला की भिंत निघते. मग पलीकडचे कामगार आमच्याच चहाच्या किटलीभोवती उभे असतात.

४. माणसांचे असे, आणि यंत्रांचेही तसेच. गादीला टाके घालणारे मोठे यंत्र यजमानांनी हयातीत स्वतः निवडून आणले होते. ते गेल्या वर्षी भिंतीपलीकडे गेले. भिंत निघाली, तरी कागदावर ते पलीकडेच राहिले. विचारले तर जाऊबाई म्हणाल्या, “अगं, घरातल्या घरात तर आहे. वस्तू या खोलीतून त्या खोलीत नेली म्हणून कोणी दवंडी पिटतं का?” यंदा शिलाईची यंत्रे जायची आहेत, असे कानावर आहे. ती गेली की आमची कंपनी अतिलहान होईल. मग कोणते यंत्र कुठे गेले, हे कोणाला सांगण्याचे बंधन भाऊजींवर राहणार नाही. माझ्या हाती आणि खोळी शिवणाऱ्या बायकांच्या हाती एक रिकामी कंपनी व एका पानाचा ताळेबंद उरेल. त्या बायकांना यजमानांनी काम कायम राहील असा शब्द दिला होता. तो देताना मी शेजारी उभी होते.

५. आपण लिहिता की भागधारकाने मागणी केल्यास लहान कंपनीलाही लेखापरीक्षण लागू होते आणि मी तशी मागणी केल्याची नोंद नाही. महोदय, मी दोनदा लेखी मागणी केली. दोन्ही वेळा ती कंपनीच्या कार्यालयात पोहोचली नाही, असे भाऊजी सांगतात. कार्यालय माझ्या खोलीच्या बरोबर खाली आहे.

६. आता सभेविषयी. मी रोज उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन पाळते. यजमान असताना सभा संध्याकाळी चहाबरोबर होत. ते गेल्यापासून अकराला होतात. भाऊजी घड्याळाकडे पाहून विचारतात, “वहिनी, काही हरकत? नाही ना? चला, पुढचा विषय.” पहिल्या वर्षी मी चिठ्ठी लिहून पुढे केली. ती कपाखाली सरकवून ते हळूच म्हणाले, “वहिनी, लिहिणं म्हणजे बोलणंच की. कशाला व्रत मोडता?” मला ते पटले आणि मी सभेत लिहिणे सोडले. भाऊजी एरवी देवाला हातही जोडत नाहीत, हे मला त्या दिवशी आठवले नाही. दुसऱ्या वर्षी मी नकारार्थी मान हलवली. इतिवृत्तात नोंद आहे : ‘वहिनींनी मान हलवून संमती दिली. लेखापरीक्षण नको, असा ठराव एकमताने मंजूर.’

७. आपल्या कार्यालयाविषयी तक्रार नाही. मात्र खिडकी क्रमांक तीनवरील गृहस्थ मला म्हणाले, “बाई, लोक लहान व्हायला धडपडतात आणि तुम्ही मोठं व्हायचं म्हणता! सुखानं झोपा.” ते ज्या उशीवर बसले होते, तिच्या कडेची दुहेरी शिवण आमच्याच कारखान्यातली आहे. ती बाजारातूनही घेतलेली असू शकते. मी फक्त पाहिली, एवढेच.

८. तरी विनंती की, दोन्ही कंपन्या एकाच घरच्या असल्याने त्या एकत्र मोजाव्यात. कामगार भिंत उभी असताना न मोजता वर्षभराचे पाहावेत. आणि येत्या सोमवारच्या सभेला आपल्या कार्यालयातील कोणीतरी, खिडकी क्रमांक तीन वगळून, उपस्थित राहावे. त्यांनी काही बोलायचे नाही. फक्त ऐकायचे आहे, म्हणजे इतिवृत्तात मान हलणार नाही.

९. सभा नेहमीप्रमाणे सकाळी अकराला ठेवली आहे. मी हरकत घेतलेली नाही. सोमवारपासून मी मौन दुपारी बारानंतर पाळणार आहे. हा बदल देवाला कळवला आहे आणि या अर्जाने आपणास कळवीत आहे. भाऊजींना अद्याप माहीत नाही. आपल्याकडूनही कळू नये, ही विनंती.

आपली नम्र आणि सोमवारी बोलणारी,
(सही)
संचालक व भागधारक

दिनांक : मी घातलेला नाही, टपालाच्या शिक्क्यावरचा धरावा.

सोबत :
१) दोन्ही वर्षांच्या इतिवृत्तांच्या प्रती
२) लेखी मागण्यांच्या प्रती, ज्या पोहोचल्या नाहीत
३) भिंतीच्या प्लायवूडचा तुकडा. त्यातील खिळ्यांची भोके मोजावीत. भिंत दर वर्षी नव्याने ठोकली जाते.