एकशेवीस मीटरची पेटी

मंगळवार, दुपारी दोन
दगडांची शेड

प्रिय मामा,

नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? मामी सांगत होती, निवृत्त झाल्यापासून तू बागेतले दगडही रंगानुसार लावून ठेवलेस. धन्य आहे बाबा तुझी! आम्ही मायलेकी बऱ्या आहोत.

भुयाराचं काम सोमवारी सुरू होतंय. काल नव्या मुलींना मी तुझंच भाषण ऐकवलं. पायाखाली खंडाचं कवच पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड, आणि खडक तपासायला आपण त्यात जेमतेम दीडशे मीटरचं भोक पाडतो. म्हणून वर आलेला दगडाचा एकेक तुकडा त्या-त्या खोलीच्या पेटीत जागच्या जागी ठेवायचा. सांगताना माझी जीभ अडखळली.

पाल्हाळ पुरे. मागच्या आठवड्यात आपल्या जुन्या भोकाशेजारी नवं भोक घेतलं. एकशेवीस मीटरला नुसता चुरा निघाला. आपल्या जुन्या नोंदीत तिथे अखंड ग्रॅनाइट आहे आणि चुरा शंभर मीटरला. मोठे इंजिनिअर म्हणाले, "जुनी नोंद तुझ्या मामांची आहे, ती चुकायची नाही. नव्यातच घोळ असेल." मी खाली मान घालून चहा पीत राहिले.

मामा, घोळ माझा आहे. सहा वर्षांपूर्वी तू जेवायला गेलास आणि माझ्या हातून ढकलगाडी कलंडली. शंभरची आणि एकशेवीसची, दोन्ही पेट्या उपड्या. घाबरून मी अंदाजानं तुकडे भरले. तू येऊन विचारलंस, "सगळं जागच्या जागी ना?" मी हो म्हटलं. माझ्या शब्दावर तू सही केलीस. फार लाज वाटते रे.

भुयार एकशेवीस मीटर खोलीतूनच जाणार आहे, आणि चुऱ्यात ते ढासळू शकतं. आत चाळीस माणसं असतील. उद्या दहा वाजता मी इंजिनिअरांना सगळं लेखी देणार. नोकरी गेली तर गेली. आईला सांगितलंय. ती रडली, मग म्हणाली, "जा."

तुला फोन येईल. "पोरीला बोलू नका, चूक माझी," असं म्हणून तू मोकळा होशील, मला ठाऊक आहे. खबरदार! या वेळी पाठीशी घालायचं नाही. तू विचारलं होतंस आणि मी खोटं बोलले, एवढंच सांग. मग माझ्यावर हवं तितकं रागाव.

पत्र ड्रायव्हरकाकांबरोबर आजच पाठवतेय. जपून ठेव. उद्या मी कच खाल्लीच, तर हेच नेऊन त्यांच्या टेबलावर ठेव.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
तुझी भाची