पिशवी न घालता उघडायची बाटली

मी, मनकर्णाबाई अप्पाराव हिवराळे, वय बहात्तर, राहणार क्रांती चौकाजवळ, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. माझ्यावर जबरदस्ती करू शकणारा एकच माणूस होता, तो गेला. वकीलसाहेबांनी मसुदा दिला होता. त्यात कायदा सगळा होता, आमचं काहीच नव्हतं, म्हणून स्वतः लिहिते.

१. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली ठेव माझा मुलगा अभय याला द्यावी. त्यानं माझं दुखणंखुपणं काढलं आहे. तो तोंडानं फटकळ आहे, पण औषधाची वेळ त्यानं कधी चुकवली नाही.

२. खुलताबादच्या डोंगराखालची द्राक्षबाग, विहीर, वाईन करायची शेड आणि तिथली पिंपं माझी मुलगी करुणा हिला द्यावीत. अभयला तिथं प्लॉट पाडायचे आहेत, दलालही येऊन बघून गेला. अभय म्हणतो, "बाबांनीच सांगितलं होतं, हिचं पाऊल मळ्यात पडता कामा नये." सांगितलं होतं, खोटं नाही. पण तो शब्द त्यांचा होता आणि सातबारा माझ्या नावावर आहे.

३. असं का, ते लिहिणं भाग आहे.

माझे पती माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत होते. इथल्या मुरमात वाईनची द्राक्षं नाशिकपेक्षा चांगली येतील, हे त्यांनी डोक्यात घेतलं आणि निवृत्तीनंतर ही जमीन माझ्या नावावर घेतली. आम्ही पंचशील मानणारी माणसं. मी म्हटलं, द्राक्षं विका, दारू कशाला? विहारातल्या बायकाही लई बोलल्या. पण हे कुणाचं ऐकतील तर शपथ. हे स्वतः चाखून थुंकायचे, करुणालाही तसंच शिकवलं. कॉलेजातून आली की ती प्रत्येक पिंपातलं चाखायची, थुंकायची आणि बापाशी वाद घालायची. त्या शेडमधला तेवढा आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढं तिला नाशिकच्या एका वायनरीत नोकरी लागली. ह्यांना ते फार लागलं. "हिची जीभ आता नाशिकची झाली," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

मग आपल्या शहरात ती वाईनची स्पर्धा झाली. नाशिकच्या आणि आमच्याकडच्या बाटल्यांना काळ्या पिशव्या घातलेल्या. कुणाची कोणती ते परीक्षकांना ठाऊक नाही. परीक्षकांत नाशिकचे तात्यासाहेब होते आणि आमची करुणा. नियम असा, की घरची बाटली ओळखू आली तर तसं सांगायचं आणि ती बाटली बाद. ह्यांनी तरीही बाटली दिली. त्यांना खात्री होती, ती ओळखणारच नाही.

मी मागच्या खुर्चीवर बसले होते. ती प्रत्येक ग्लासातलं घोटभर घेऊन भांड्यात थुंकत होती. एका ग्लासाला थांबली. तिचा गळा हलला. तिनं ते गिळलं. लहानपणापासून शील पाळलेल्या माझ्या पोरीनं गिळलं, तेव्हाच मला कळलं.

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "ही आमची आहे. मी ओळखली."

बाटली बाद झाली. शेवटी पिशव्या काढल्या तेव्हा बाकी सगळ्या परीक्षकांच्या गुणांत आमचीच पहिली निघाली. तात्यासाहेब हसत म्हणाले, मराठवाड्यानं मराठवाड्यालाच पाडलं. बाहेर आल्यावर ह्यांनी तिला विचारलं, गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?

"बाबा, ओळखली तर काय करू?"

त्यानंतर बापलेक बोलले नाहीत.

४. ह्यांची छाटणीची कात्री करुणाला. मूठ त्यांच्या हाताप्रमाणे झिजलेली आहे, बदलू नये.

५. स्पर्धेच्या सालातल्या दोन बाटल्या शेडमध्ये आहेत. त्यातली एक तात्यासाहेबांना काळी पिशवी घालून पाठवावी. नाव कळवू नये. त्यांनी खुशाल थुंकावी.

६. हे कलम वकीलसाहेबांनी करुणासमोर मोठ्यानं वाचावं. मी विषय काढला की ती उठून जाते. मृत्युपत्र वाचताना तरी बसेल.

करुणा, शेवटच्या आजारात तुझ्या बाबांच्या जिभेची चव गेली होती. पेज दिली तरी पाणी म्हणायचे. एका दुपारी मला म्हणाले, "ओळखली ना गं तिनं?" मी म्हटलं, ओळखली. तर हसले. मग रोज तेच विचारायचे आणि रोज हसायचे. शेवटी म्हणाले, "बोलाव तिला." तू नाशिकहून निघालीस आणि इकडं ते गेले. दारात तू विचारलंस, बाबा काही म्हणाले का? मी त्यांच्या उशापासून उठून येईपर्यंत अभयनं सांगितलं, काही नाही. तो तेव्हा खोलीत नव्हता, त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्यावर राग धरू नकोस. पण ते म्हणाले होते, बाळा. रोज म्हणत होते.

७. दुसरी बाटली करुणानं मळ्यात उघडावी, पिशवी न घालता. माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी नको, भन्तेजी येतील. नंतर, छाटणी सुरू होईल तेव्हा. अभयनं सोबत बसावं. माझ्या फोटोपुढं ग्लास ठेवू नये, मी आयुष्यात थेंब घेतला नाही. त्यांच्यापुढं ठेवावा. गिळायची की थुंकायची, ते करुणाचं तिनं ठरवावं. पण ओळखली का, असं तिला पुन्हा कोणी विचारू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही: मनकर्णाबाई अप्पाराव हिवराळे

आमच्यासमोर सही केली. लिहिताना दोनदा थांबल्या, पण शब्द बदलला नाही.

साक्षीदार:
१. धम्मपाल खरात, शेजारी
२. लीलाबाई दाभाडे, विहारातील मैत्रीण

छत्रपती संभाजीनगर, १८ सप्टेंबर २०२५