नाक्यावरचा ळ

प्रिय दादा,

आधी एवढं वाच आणि मग निवांत बस: आम्ही तिघंही सुखरूप आहोत. बाबांच्या कपाळाला टाके पडलेत, पण जिभेला काही झालेलं नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. टपाल कालच सुरू झालं, म्हणून उशीर झाला.

भूकंपाचं तू वर्तमानपत्रात वाचलं असशील. त्यानंतरचं बहुतेक छापलं नसेल. घरं पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आवई उठली, की नदीपलीकडून आलेल्यांनी विहिरींत विष कालवलंय. झालं! कालपर्यंत एकमेकांना ढिगाऱ्यातून ओढून काढणारी माणसं सळया घेऊन नाक्यानाक्यावर उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला 'नळ' म्हणायला लावायची. पलीकडच्यांना ळ जमत नाही ना, ते 'नल' म्हणतात. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला 'नल' म्हणाला. त्याला तिथेच मारून टाकलं, दादा. मी खिडकीतून पाहिलं आणि किंचाळूही शकले नाही, कारण तू ज्याला अजून 'तो काचवाला' म्हणतोस तो माझा नदीपलीकडचा नवरा खाली कारखान्यात, उभ्या केलेल्या चौकटींमागे लपला होता.

आणि अशात बाबा आले. लग्नानंतर ज्यांनी माझ्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, ते पडझडीतून वाट काढत मला शोधत आले. लहानपणी मला ळ म्हणता यायचा नाही आणि बाबा लाडानं माझ्याशी तसंच बोलायचे, आठवतं? तू कितीही चिडवलंस तरी त्यांनी ती खोड सोडली नाही. तर भर नाक्यावरून हाक आली, "ए बाला! कुठे आहेस गं? डोले शिणले तुला शोधून!"

तो ल ऐकला आणि सळयावाल्यांनी त्यांना घेरलं. म्हणे, 'नळ' म्हणा. आता एवढा एक शब्द म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण ते बाबा! "तुमच्या बापाच्या वयाचा आहे मी. मला बाराखडी शिकवता?" एक सळई कपाळावर बसलीच.

मी जिन्यात पोचेपर्यंत हा कारखान्यातून बाहेर धावला होता. "सोडा त्यांना, माझे सासरे आहेत. डोळ्यांना कमी दिसतं, वयामुळे गोंधळतात." एकूण एक ळ स्वच्छ! तो काच कापत असताना मी त्याच्याकडून ते घोकून घ्यायची आणि तो चुकला की हसून लोळायची. तरी त्यांचा संशय फिटेना. शेवटी त्यांच्यातच उभा असलेला आमचा न्हावी म्हणाला, "आपलाच आहे, मी ओळखतो." त्याला सगळं ठाऊक होतं, तरी म्हणाला. ते पांगले आणि मी रस्त्यातच रडत-हसत सुटले. जीव भांड्यात पडणं काय असतं ते तेव्हा कळलं. बाबा रक्त पुसत आत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "जावईबापू, पाणी द्या जरा."

आता सगळं शांत आहे. गावभर काचा फुटल्यात, त्यामुळे ह्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. न्हावीही खिडकी घेऊन आला. ह्यानं नीट काच बसवून दिली आणि तो गेल्यावर मला म्हणाला, "माझ्यासाठी तोंड उघडलं त्यानं. इस्त्रीवाल्याच्या वेळीही तो तिथेच उभा होता." त्या रात्रीपासून आम्हाला शांत झोप लागतेय, कारण आमचं ठरलंय.

त्यासाठीच हे पत्र. पुढच्या आठवड्यात आम्ही नदीपलीकडे जातोय, माझ्या सासूबाईंकडे, कायमचे. आणि बाबाही येताहेत. मी त्यांना बजावलं, तिथली बोली तुम्हाला येत नाही, तोंड उघडलंत की लोक हसतील. तर म्हणाले, "हसू देत की. नुसते हसतीलच ना?" तू रागावशील या धास्तीनं त्यांनी मला लिहायला बसवलंय आणि स्वतः दाराआड उभे आहेत. रागावू नकोस. तिकडे ये.

तुझीच,
धाकटी