देवाखालचा कागद

मंगळवार, संध्याकाळी. मल्लेश्वरम.

जेल पेनने का लिहिलं मी? बॉलपेन शेजारीच पडलं होतं.

जुना फोन काल कायमचा बंद पडला. नव्या फोनवर क्रिप्टोचं वॉलेट उघडायला ते बारा शब्द लागतात, आणि ते फक्त एका कागदावर होते. दुसरी प्रत मुद्दामच केली नाही. दोन कागद म्हणजे चोरीला दोन वाटा, हा माझा शहाणपणा. देवनहळ्ळीच्या प्लॉटसाठी मी आणि सुमाने साठवलेलं सगळं त्यात आहे. लग्नापासूनचं. बायकोला हे कसं सांगायचं?

कागद आईकडे दिला होता. "जिवापलीकडे जप," म्हणालो होतो. तिने जपला. देव्हाऱ्यात, गणपतीच्या खाली. रोज देवांना आंघोळ घालायची आणि ओली मूर्ती त्याच कागदावर ठेवायची, वर्षभर. आज उघडला तर सातच शब्द वाचता येतात. बाकी निळा डाग आणि त्यावर हळदकुंकू. बारातला एक जरी कमी असला तरी कुलूप उघडत नाही, इथे तर पाच गेले.

"स्वल्प ओला झालाय रे अण्णा," ती म्हणाली. बहिणीचं ऐकून तीही मला अण्णाच म्हणते. "चालेल ना?"

ओरडणार होतो. पण कागदात काय आहे, हे मी तिला सांगितलंच कुठे होतं? आणि पेन तर माझंच.

"चालेल," म्हणालो. "सगळं वाचता आलं."

तिने देवाला हात जोडले. मग कागद पंख्याखाली वाळवला, नीट घडी घातली आणि परत गणपतीखाली ठेवला.