थोरलीला स्थळ आलंय

३ फेब्रुवारी, सोमवार

आधीच माफ कर. शुद्धलेखन चुकणार. पहिली वेलांटी की दुसरी हे मला शाळेतही कधी जमलं नाही, आणि शाळा तर दहावीतच सुटली. शिवाय आईच्या जुन्या फोनवर एका बोटाने लिहितेय, काच तडकलेली. एक ओळ होईपर्यंत चहा गार होतो! पण कोणाला तरी सांगायचंय, आणि माणसांना सांगायचं म्हटलं की माझा घसाच बंद होतो. म्हणून तुला.

गोष्ट अशी — थोरलीला स्थळ आलंय.

थोरली म्हणजे बाबांची मोटरसायकल. लांबच्या प्रवासाची, दोन सिलिंडरची. पुढे मोठी काच, मागे दोन बाजूंना दोन पेट्या. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई-बाबा दर वर्षी पंधरा दिवस तिच्यावरून फिरायला जायचे, मी व्हायच्या आधीपासून. मी झाले तेव्हा बाबा मला म्हणाले म्हणे, "तू धाकटी. थोरली खाली उभी आहे." तेव्हापासून ती थोरली.

आज आई कामावरून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "दातांच्या डॉक्टरांना जुनी गाडी हवीय. तेवीसला, रविवारी बघायला येतायत. पसंत पडली तर घेऊनच जातील."

बाबा म्हणाले, "बरं."

पण बाबा सगळ्यालाच बरं म्हणतात. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, एवढा एकच शब्द राहिला. पाणी हवं — बरं. चीड आली — बरं! मी आता आवाजावरून ओळखते.

आजचं बरं बरं नव्हतं.

४ फेब्रुवारी

आईला विचारलं, का विकायची. म्हणजे विचारणार होते. ती म्हणाली, "काय गं?" मी म्हटलं, "मीठ कुठंय?"

मीठ समोरच होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आई मावशीशी फोनवर बोलत होती. "दिवसभर खिडकीतून तिच्याकडे बघत बसतात गं. मला बघवत नाही. डोळ्यांसमोरून गेली की सुटतील तरी."

मला तसं वाटत नाही. दिवसभर बाबांजवळ मी असते. आई पडद्यांच्या दुकानात शिवणकामाला जाते, सकाळी नऊ ते सहा. बाबा आजारी पडले तेव्हा घरी कोणीतरी हवं होतं, मी लगेच म्हटलं, मी राहते. सगळे म्हणाले, केवढी समंजस पोर! खरं सांगू? मी सुटले. वर्गात उभं राहून वाचायला लागलं की पोरं आधीच हसायला सुरुवात करायची. बाबांबरोबर तसं नाही. दोघांनाही बोलायचं नसतं, दिवस मस्त जातो.

तर बाबा थोरलीकडे दुःखाने बघत नाहीत. बाबा पंपांचे मिस्त्री होते. बिघडलेल्या पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि सांगायचे कुठलं बेअरिंग गेलंय. ते थोरलीकडे तसे बघतात. पुढचं चाक बसलंय, काच पिवळी पडलीय, डाव्या पेटीची कडी तुटलीय — नुसते कामं शोधत असतात!

माझं ठरलंय. रविवार तेवीसच्या आत थोरली सुरू करायची आणि बाबांना मागे बसवून एक चक्कर मारायची. लायसन्स मागच्या महिन्यात काढलंय. आईला वाटतं स्कूटरसाठी.

मग आईने काय ते ठरवावं.

९ फेब्रुवारी, रविवार

टोपीकाकांकडे गेले. त्यांचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, टोपी ते झोपतानाही काढत नसावेत. मी रस्त्यात तीनदा म्हणून पाहिलं, "एअर फिल्टर, दोन प्लग, इंजिन ऑइल, पेटीची कडी." दुकानात गेल्यावर — काही नाही. चिठ्ठी दिली.

काका चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणाले, "लग्नाआधी थोरलीला उटणं लावताय वाटतं!" म्हणजे त्यांनाही कळलंय. मग हळूच, "कडी मिळायची नाही बाई. दोरी बांध."

काच टूथपेस्टने घासली. तासभर. लख्ख झाली! दातांच्या डॉक्टरांना आवडेल, वाटलं आणि एकदम वाईटही वाटलं.

शेजारची ठिपक्यांची मांजर सीटवर पसरलेली असते. फार लठ्ठ झालीय. हाकललं तर मलाच डोळे वटारते.

११ फेब्रुवारी

आज तेल बदललं. जुनं तेल काळं कुळकुळीत. नवीन ओतलं, पट्टी बुडवून बघितली — कमी. अजून ओतलं. कमीच. अजून ओतलं.

बाबांची खुर्ची दारात आणली होती. ते सारखा डावा तळवा तिरका करत होते. तिरका, मग सरळ. तिरका, मग सरळ. मी उशी सरळ केली. "बरं!" खुर्ची सरळ केली. "बरं!!" आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा सरळ केलं.

बाबांनी डोळे मिटून घेतले.

१२ फेब्रुवारी

सत्यानाश.

चार्ज करून आणलेली बॅटरी जोडली, बटण दाबलं, थोरली खोकली, खोकली आणि सुरू झाली! मी उडीच मारली. मग धूर. निळा, पांढरा, थांबेचना. फिल्टरच्या डब्यातून तेल गळायला लागलं, फरशी, माझी चप्पल, सगळं तेल. वरच्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या, "अगं ए, घर पेटवतेस का?" बंद केली आणि तिथेच बसले. रडले. तुला सांगायला काय लाज.

बाबा दारातून बघत होते. परत तळवा तिरका. मग सरळ.

आणि लख्ख प्रकाश पडला. गाडी साइड स्टँडवर तिरकी होती! तिरक्या गाडीत तेल एका अंगाला जातं, पट्टीला लागतच नाही. तेल बघायचं ते मधल्या स्टँडवर, गाडी सरळ उभी करून. बाबा काल दिवसभर हेच सांगत होते आणि मी कॅलेंडर सरळ करत होते!

मी म्हटलं, "बाबा, मी गाढव आहे."

बाबा म्हणाले, "बरं."

आणि हसले. अर्ध्याच चेहऱ्याने हसतात ते आता, पण पूर्ण हसले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जास्तीचं तेल काढलं. फिल्टरचा डबा धुतला. फरशीचा डाग जात नाही, आई म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "तेल." ती म्हणाली, "ते दिसतंय." आणि पुढे काहीच नाही!

१६ फेब्रुवारी

गाडी आता सुरू होते पण लंगडते. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. टोपीकाका म्हणाले, यंत्र लावून जुळवतात, यंत्र त्यांच्याकडे नाही. "तुझा बाप नळीने करायचा."

घरी येऊन बाबांना नुसतं म्हटलं, "नळी?" त्यांनी डाव्या हाताने पलंगाखाली बोट दाखवलं. हत्यारांच्या पेटीत हातभर रबरी नळी, गुंडाळून, वर धागा बांधलेला.

खुर्ची थोरलीला अगदी लागून ठेवली. नळीचं एक टोक बाबांच्या कानात, दुसरं मी धरलं, आधी डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग उजव्या. हवेची सूं सूं. मला दोन्ही सारख्याच वाटल्या. बाबांना नाही. मी स्क्रू फिरवायचा आणि बघायचं त्यांच्या बोटाकडे. खुर्चीच्या हातावर एकदा टकटक — अजून. दोनदा — मागे. केसभर फिरवायचा. एकदा. एकदा. दोनदा. एकदा.

मग बोट हललंच नाही.

आवाज बदलला होता. मघाशी दोन माणसं भांडत होती, आता एक माणूस गुणगुणत होता. बाबांनी नळी कानातून काढली नाही. मीही धरून ठेवली. हात भरून आला तरी.

दोन वर्षांत बाबांनी पहिल्यांदा काम केलं. मी त्यांच्या हाताखाली.

१८ फेब्रुवारी

मागे टेकायला पाठ हवी. नाहीतर बाबा घसरतील. टोपीकाकांनी भंगारातून लोखंडी चौकट दिली, सीटमागच्या कॅरिअरवर पक्की बसली. आता फोम आणि कव्हर. आईकडे मागावं लागणार. तालीम केली, मग म्हटलं, "बाबांच्या खुर्चीला पाठ शिवशील?"

माप दिलं. आईने मापाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खुर्चीला खाली चार हुक कशाला लागतात गं?"

मी म्हटलं, "पक्की बसायला."

"हं," आई म्हणाली.

२० फेब्रुवारी

पाठ आली. जाड निळं कापड, दुहेरी शिवण, कडेने पायपिंगची गोट. दोन्ही बाजूंना थोडी पुढे वळलेली, कुशीत धरल्यासारखी. मी असं सांगितलंच नव्हतं! बसवली. थोरली एकदम आरामखुर्ची दिसतेय.

उरलेला फोम डाव्या पेटीत टाकला. दोरी बांधायची राहिली, उद्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सगळं सांगते. बोट दुखलं तरी चालेल.

आई कामावर. दुपारी थोरली पायरीला लावली. बाबांना शर्ट घातला, हेल्मेट घातलं. पायरीवर उभे राहिले, काठी भिंतीला. पण उजवा पाय वरून पलीकडे जाईना. मी पाय उचलला तर तोल जातोय, तोल धरला तर पाय राहतोय. घामाघूम. कोणाला हाक मारावी? हाक तर मारता यायला हवी!

आणि फाटक वाजलं. आई! अर्ध्या दिवसाने घरी. हातात पिशवी.

आता संपलं, वाटलं. पण बाबा तिथे एका पायावर उभे होते, गप्प राहून कसं चालेल? मी बोलले. एका दमात. म्हटलं, "आई, ते तिच्याकडे रडत नाही बघत, ते कामं शोधतात, तिचा आवाज त्यांनी लावलाय, मी नाही, आणि उद्या ती जाणार असेल तर जाऊ दे पण आज एक चक्कर, फक्त पाण्याच्या टाकीपर्यंत, मला गाडी येते."

एवढं मी उभ्या जन्मात सलग बोलले नव्हते.

आई म्हणाली, "झालं?" पिशवी खाली ठेवली. "सरक. पाय असा नाही उचलायचा. गुडघ्याखाली हात घाल." आणि तिने घातला, आणि बाबा बसले! मी पुढे बसले. मग पिशवीतून तिने पडद्यांचा रुंद पट्टा काढला, बकल शिवलेलं. बाबांच्या कमरेभोवती, माझ्या कमरेभोवती, करकच्चून. म्हणजे ती पट्टा शिवूनच आली होती!

"खुर्चीसाठी," ती म्हणाली. "पक्की बसायला."

गेलो. पहिल्या गिअरमध्ये, मग दुसऱ्या. थोरली जड आहे पण चालायला लागली की लोण्यासारखी. बाबांचा डावा हात माझ्या पाठीवर. वळणावर त्यांनी एकदा थोपटलं. मी वेग कमी केला, आपोआपच. टाकीपाशी दोनदा थोपटलं. थांबले. थोडा वेळ उभे राहिलो. वारा होता, खाली घरांची छपरं दिसत होती. बाबा काही म्हणाले नाहीत. बरंसुद्धा नाही.

येताना सरळ रस्त्यावर, काहीच नव्हतं समोर, ना खड्डा ना गाडी, त्यांनी तीनदा थोपटलं. मी हळू केलं. परत तीनदा. मी घाबरले, काही होतंय का? आरशात बघितलं तर छान बसले होते. थोड्याने परत तीनदा.

घरी आल्यावर आईला विचारलं. एक कळलं, दोन कळलं, तीन म्हणजे काय?

आई पट्ट्याची घडी घालत होती. थांबली. म्हणाली, "ती माझी खूण. हेल्मेटमधून ऐकू यायचं नाही ना, म्हणून मागून मी थोपटायची. एक, हळू. दोन, थांबा."

"आणि तीन?"

"तीन म्हणजे काही नाही." घडी मोडली, परत घातली. "नुसतंच. मी आहे मागे, एवढंच."

बाबा तर कधी मागे बसलेच नव्हते. ते हे सगळं पाठीवर शिकले होते.

आई चहा टाकायला गेली ती बराच वेळ आली नाही. डॉक्टरांचं काहीच बोलली नाही. मी विचारलं नाही. आजचं बोलणं संपलं होतं माझं.

२३ फेब्रुवारी, रविवार

डाव्या पेटीत मांजर व्यायली! फोमवर. चार पिल्लं, एक पूर्ण काळं. पेटीला हात लावला तर फिस्कारते.

आईने वाकून बघितलं आणि सरळ फोन लावला. "डॉक्टर, आज येऊ नका. आमच्या थोरलीकडे बाळंतपण आहे... नाही हो, पुढच्या महिन्यातही नाही. तुम्ही दुसरं स्थळ बघा."